उंदीरमामांचा रक्तदाब

संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात बत्तीस वर्षं उंदरांची उस्तवार करणाऱ्या या माणसाला सगळे उंदीरमामाच म्हणत. रक्तदाब मोजायला शेपटीला पट्टा बांधला की विद्यार्थ्यांच्या हातात उंदीर नुसता थयथयाट करायचे. मामांनी तळहाताची ऊब देऊन काहीतरी पुटपुटलं की तेच उंदीर शहाण्यासारखे बसायचे.

त्या वर्षी संस्थेतल्या संशोधक मॅडमचा प्रयोग मिठाचा होता. उंदरांना खारं पाणी पाजायचं. एका गटात मूत्रपिंडातल्या लसिकावाहिन्या औषधानं वाढवलेल्या, दुसऱ्यात होत्या तेवढ्याच. जेवणाच्या सुट्टीत मॅडम आकडे घेऊन नाचतच आल्या.

"मामा, त्या बारीक नळ्या मूत्रपिंडात साचलेलं पाणी आणि सुजेच्या पेशी वाहून नेतात ना? ज्यांच्या वाढवल्या, त्यांच्या लघवीतून मीठही जास्त गेलं. रक्तदाब खाली! बाकीच्यांचा चढलेलाच."

"बिचारे," म्हणत मामांनी उकडलेल्या अंड्यावर तिसऱ्यांदा मीठ भुरभुरलं.

मॅडम बघतच राहिल्या. "जरा हात इकडे करा." त्यांनी कपाटातून माणसांचं यंत्र काढलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार.

"यंत्र बिघडलंय," मामा म्हणाले.

पुन्हा मोजलं. एकशे ऐंशी.

"तुमच्याच वेळेला बरी बिघडतात यंत्रं!"

मामांनी अंडं बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मला टाका की त्या वाढीव नळ्यांच्या गटात."

"ते औषध मुद्दाम घडवलेल्या उंदरांवरच चालतं हो. तुम्ही नुसते नावाचे उंदीर. डॉक्टरकडे जा आणि मीठ कमी करा."

डॉक्टरांनी गोळी दिली. घरी बायकोनं मिठाची बरणी वरच्या फळीवर चढवली. मामांनी कुरकुर केली नाही, हेच तिला खटकलं. महिना झाला तरी आकडा जागचा हलेना. डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली. आयुष्यभर उंदरांची लघवी थेंब थेंब गोळा केलेला माणूस स्वतःचा कॅन पिशवीत लपवून बसमधून निघाला, तेव्हा शेजारणीनं विचारलं, "काय, तेल आणलंत का?"

तपासणीचा कागद वाचून डॉक्टर म्हणाले, "मीठ सोडलंय म्हणता, पण हवं त्याच्या दुपटीनं बाहेर पडतंय. कुठून येतंय?"

सोबत आलेल्या बायकोनं मान वळवली. "अहो, कामावरच्या टेबलाच्या खणात काय आहे?"

मामांचे कान लाल झाले. "अर्धा किलोची पुडी. आता पाव उरली असेल."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जाऊन पुडी जप्त केली, मॅडमच्या साक्षीनं. पहिले पंधरा दिवस मामांना जेवण ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. त्यांनी लिंबू पिळलं, मिरी कुटली, बायकोशी अबोला धरला, तो दोन दिवसांत सोडला. मग हळूहळू काकडीची चव काकडीसारखी लागायला लागली. चौथ्या महिन्यात आकडा एकशे छत्तीसवर आला. गोळी मात्र चालूच राहिली.

खुशीत येऊन मामांनी पिंजऱ्यांवर लावतात तसलं एक कार्ड लिहून फ्रिजवर चिकटवलं: 'नर. वय सत्तावन्न. आहार: कमी मीठ.'

संध्याकाळी पाहिलं तर खाली बायकोच्या अक्षरात भर पडली होती: 'चावतो. जपून हाताळा.'

मामांनी कार्ड काढलं नाही. पाहुण्यांना ते स्वतःच वाचून दाखवतात.