कानसेनांची मुकी फाइल

मिक्सर दुकानात यायच्या आधीच त्याचा रोग ओळखणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. गिऱ्हाइकाचा फोन आला की म्हणायचे, "फोन मोटारीजवळ धरा आणि बटण दाबा." क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "बेअरिंग सुकलंय. उद्या घेऊन या." बिल्डिंगने त्यांचं नाव कानसेन ठेवलं होतं. ते त्यांना इतकं पसंत पडलं की दुकानाच्या पाटीवर रंगवायलाच निघाले होते; बायकोने ऐन वेळी रंगाचा डबा लपवला म्हणून पाटी वाचली.

तर या कानसेनांचे कान जात होते. उभा जन्म मोटारींच्या घरघरीत काढल्यावर कान तरी किती दिवस नांदणार? बारीक आवाज आधी गेले. बायकोला हे ठाऊक होतं, कारण धुणं झाल्यावर वॉशिंग मशीन टीं टीं करून जीव टाकायचं आणि हे त्याच्याच शेजारी बसून निवांत पेपर वाचायचे. गिऱ्हाइकांनाही कळायला लागलं होतं. "अगदी सुरेल झालाय" म्हणून त्यांनी परत केलेला एक मिक्सर घरी जाऊन अशी शीळ घालायला लागला की बाई तो तसाच कुशीत घेऊन परत आली. समोरच्या दारातल्या शेजाऱ्याला तर सगळं सगळ्यांच्या आधी ठाऊक असायचं. (हा शेजारी रिकामटेकडा, लांब जिभेचा. याहून जास्त खरं लिहायला हात धजत नाही.) ज्यांचे कान, त्यांच्याच कानावर तेवढी ही बातमी गेली नव्हती. गेली असली तरी ऐकू आली नव्हती.

आणि येणार तरी कशी? त्या दोन कानांवर दुकान उभं होतं. ते गेले तर मागे उरणार पान्यांची पेटी आणि पाटीवर न रंगवलेलं नाव.

लेक नोकरीसाठी दूर राहायची. संध्याकाळी बापलेक फोन चालू ठेवून कॉम्प्युटरवर एकच गेम दोन गावांतून खेळायचे. समुद्रातलं पडकं दीपगृह, दोघांनी मिळून त्याचा दिवा सांभाळायचा. अंधारातून एक किडा येतो. येण्याआधी बारीक चिरकतो. चिरकला की दिव्यावर पटकन झाकण घालायचं, नाहीतर किडा दिवा खातो आणि खेळ खलास. झाकणाचं काम बापाकडे होतं. त्यामुळे खेळ रोज खलास.

"बाबा, झाकण!"

"कशाला?"

"अरे, किडा ओरडला ना!"

"कधी ओरडला?"

"जाऊ दे. मेलो आपण."

"तुझ्या गेममधला आवाजच भिकार आहे," कानसेन म्हणाले. "बनवणाऱ्याला कानच नाहीत."

"बाबा, तू एकदा डॉक्टरला कान दाखव."

"आधी त्या गेमवाल्याला दाखवायला सांग."

लेक हसली, पण पुढे बोलताना तिचा आवाज उतरला. तेवढा मात्र कानसेनांना ऐकू आला. मग त्यांनी पैज मारली. हा आवाज मी दुरुस्त करून दाखवतो, आणि नाही जमलं तर डॉक्टरकडे जातो.

दुरुस्तीचा मार्ग लेकीनेच सांगितला. गेमचे सगळे आवाज एका फोल्डरमध्ये पडलेले असतात, पाऊल वाजलं की एक फाइल, दार करकरलं की दुसरी. त्याच नावाची आपली फाइल तिथे ठेवली की गेम गुमान तीच वाजवतो.

"म्हणजे स्पेअर पार्टच की गं!" कानसेन म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून घराचा स्टुडिओ झाला.

दीपगृहाच्या दाराला त्यांनी दुकानाच्या शटरचा आवाज बसवला. लाटांना वॉशिंग मशीन. जिन्यातल्या भुताच्या पावलांसाठी बायकोच्या चपला रेकॉर्ड केल्या.

"माझ्याच चपला का म्हणे भुताला?" बायकोने विचारलं.

"अगं, मला दुसऱ्या कुणाच्या पावलांची धास्ती नाही."

गेममधलं संगीत मिळमिळीत वाटलं, म्हणून तेही काढलं आणि तिथे स्वतः गुणगुणले. लेकीने ते ऐकून कळवलं, "बाबा, यापेक्षा किडा बरा." शेजाऱ्याने समोरच्या दारातून ऐकलं होतंच. त्याने चौकशी केली की पोट फार दुखतंय का. कानसेन स्वतःच खो खो हसले. गळा नाही हे त्यांना मान्य होतं. गळ्यावर कधी पोट भरलं नव्हतं.

राहता राहिला किडा. नवीन पार्ट बसवण्याआधी जुना तपासायचा, हा धंद्याचा नियम. एका दुपारी त्यांनी किड्याची फाइल उघडली. पडद्यावर आवाजाचं चित्र आलं, करवतीच्या दातांसारखी उंच उंच टोकं. वाजवली. सामसूम. स्पीकर तपासला, तर त्याच स्पीकरवर भूत बायकोच्या चपला घालून ठणठणीत चाललं. म्हणजे स्पीकर शाबूत. मग फाइलच मुकी! दुकानातला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला, आवाज शेवटपर्यंत पिरगळला, फाइल पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी लावली आणि बिल्डिंगच्या आतल्या चौकाकडची खिडकी उघडून वाऱ्याला बसले. कधीतरी बोलेल.

फाइल पहिल्यापासून बोलत होती. सुई कानातून घालून टाळूतून काढावी तसा तो आवाज चारी भिंतींवर आपटून चौकभर घुमायला लागला. कुठून येतोय ते कळेना. कुत्री विव्हळली. दुपारची डुलकी मोडलेली मंडळी कानात बोटं घालून खाली जमली. गॅस म्हणावा तर वास नाही, लिफ्ट म्हणावी तर ती बंद. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आपल्या घरात वैद्य असताना आपण का तळमळतोय?" आणि सगळ्यांनी मिळून वर हाक मारली, "कानसेन! खाली या! एक आवाज शोधायचाय!"

कानसेन दार ओढून घेऊन ऐटीत खाली उतरले. "हं. कुठला आवाज?"

"कुठला काय? हा!"

सगळे गप्प झाले आणि त्यांच्याकडे बघायला लागले. कानसेनांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. काहीच नव्हतं. फक्त लांबची एक मोटारगाडी, आणि स्वतःच्या छातीतली धडधड. डोळे उघडले तर समोर वीस तोंडं लिंबू चोखल्यासारखी. आवाज त्या तोंडांवर स्पष्ट दिसत होता. 'मला ऐकू येत नाही' एवढं म्हणायची हीच वेळ होती.

"हं," कानसेन म्हणाले. "खराब आहे."

मग त्यांनी तोंडं वाचत तपास सुरू केला. जिन्याकडे गेले की शेजाऱ्याकडे बघायचे, त्याचं तोंड जास्त वाकडं झालं का? लिफ्टपाशी, गच्चीवरून उतरलेल्या नळापाशी, शेवटी कोपऱ्यातल्या पाण्याच्या पंपापाशी. शेजारी तिथे नेमका शिंकायला तोंड वाकडं करून उभा होता.

"पंप," कानसेनांनी निकाल दिला. "बेअरिंग गेलंय."

"मला तर मघापासून वाटतच होतं," शेजारी म्हणाला. त्याला काहीही वाटत नव्हतं, पण टॉर्च धरायचा मान मिळाला.

पंप ठणठणीत होता. उघडल्यावर मात्र त्याचं वॉशर फाटलं.

इतक्यात बायको कामावरून आली. फाटकातच तिने कानांवर हात ठेवले, पंपाभोवतीची जत्रा पाहिली, पंपात कोपरापर्यंत बुडालेला नवरा पाहिला, आणि न बोलता वर गेली. क्षणात आवाज तुटला.

"थांबला!" सगळे ओरडले. टाळ्या पडल्या.

कानसेन कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "म्हटलं नव्हतं? बेअरिंग!"

"अहो," वरच्या खिडकीतून बायको म्हणाली, "जरा वर येता?"

वर तिने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. मग स्वतः त्यांच्याकडे तोंड करून, हात मागे बटणावर ठेवून उभी राहिली. या वेळी चेहरा अगदी कोरा.

"सांगा. चालू आहे की बंद?"

कानसेनांनी तिचं तोंड वाचायचा आटोकाट प्रयत्न केला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कोरं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

"चालू," ते म्हणाले.

"बंद आहे हो," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

मग कानसेनांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. ती घाबरून जवळ गेली, तर ते हसत होते. "अगं, सगळी बिल्डिंग मला माझाच आवाज शोधायला घेऊन गेली... आणि मी चांगला पंप फोडला!"

खाली सेक्रेटरी नवीन पंप मागवायच्या गोष्टी करत होते. टाळ्या खिशात घालून गप्प राहणं सोपं होतं. कानसेन पुन्हा जिना उतरले. "पंपाला काही झालेलं नव्हतं. आवाज माझ्या टेबलावरचा. मला ऐकू येत नाही." एवढं बोलून त्यांनी पाना उचलला. "वॉशर मी फाडलंय, मीच बसवतो. तोवर बादल्या भरून कोण देतंय?"

सगळ्यांनी टॉर्चवाल्याकडे बघितलं. शेजाऱ्याला जिन्यावरून पाणी वाहताना तेव्हाच उमगलं की दुसऱ्याच्या होला हो म्हणणारा माणूसही एक प्रकारचा बहिराच.

पुढे डॉक्टरकडे जाणं झालं, कानात यंत्र आलं. दुकान चालू राहिलं. आता ते स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ जबड्याच्या हाडाला टेकवून हाडातून घरघर ऐकतात, आणि शंका असली तर गिऱ्हाइकालाच विचारतात, "शीळ येतेय का हो?"

यंत्र लावून आल्याच्या संध्याकाळी लेक फोनवर होती. कानसेनांनी किड्याची अस्सल फाइल होती तशीच राहू दिली आणि गेम सुरू केला. अंधार झाला. किडा चिरकला. कानसेन खुर्चीतून उडाले. झाकण मात्र वेळेवर पडलं.

"बाबा! ऐकू आलं!" लेक पलीकडून ओरडली. "कसा वाटला आवाज?"

कानसेनांनी यंत्र हाताने दाबून धरलं होतं.

"मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. "भिकार आहे!"