खालच्या सुरात लावलेला बेंजो

पुस्तकात त्या वाद्याला बुलबुल तरंग म्हणतात. आमच्या म्हसावदला सगळे बेंजोच म्हणत. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ओढलेल्या तारा आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. माझ्या थोरल्या भावाने लग्नाआधी तो सारंगखेड्याच्या जत्रेतून आणला होता. बरोबरचे लोक घोडे बघत पुढे गेले आणि हा एका दुकानासमोर अडकून राहिला, असं त्याचे मित्र सांगत.

भाऊ गुजर पाटलांच्या केळीच्या मळ्यात पाण्याचं इंजिन चालवायचा. वडील गेले तेव्हा त्याने शाळा सोडली आणि माझी चालू ठेवली. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. धुळ्याच्या वसतिगृहात मी रात्री पुस्तक उघडून बसायचो, तेव्हा इकडे तो डिझेलने माखलेले हात राखेने घासत असायचा. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून मी सुट्टीत घरी आल्यावर दिवसभर करायचो काय, तर त्याच्या बेंजोशी खेळायचो.

धुळ्याला एका हॉटेलातल्या रेडिओवर मी वाद्यांचा एक मेळ ऐकला होता. वरची वाद्यं गात होती आणि त्यांच्या खालून एक जाड, घुमणारा आवाज हळूहळू चालत होता. कुठल्या वाद्याचा ते कोणालाच सांगता आलं नाही. तो आवाज डोक्यातून जाईना. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत घरी येताना मी सतारी दुरुस्त करणाऱ्याकडून जाड तारांची दोन वेटोळी घेतली.

भाऊ मळ्यात गेला की मी बेंजो उतरवून बसायचो. आधी त्याच्याच तारा ढिल्या करून सूर खाली आणायला गेलो, तर त्या पत्र्यासारख्या खरखरू लागल्या. मग त्या काढल्या आणि जाड तारा चढवल्या. दोन्ही एकाच सुरात लावल्या, तर आवाज भरीव पण मुका. एक मध्यमात नेऊन पाहिली, ते कानाला टोचलं. असं रोज काहीतरी. शेवटी एक तार खालच्या षड्जात आणि दुसरी तिच्याही खालच्या पंचमात लावली, आणि बटण दाबताच दोन आवाज एकदम निघाले. एक गाणारा, दुसरा त्याला खालून धरून ठेवणारा. नखीने छेडलं की जाड तारा एकमेकींवर आपटत, म्हणून नखी बाजूला ठेवली. मग लक्षात आलं की नुसतं बटणावर बोट आपटलं तरी तार पट्टीवर आदळून घुमते. मी दोन्ही हातांची बोटं आपटत वाजवू लागलो. अंधाऱ्या आतल्या खोलीत तो आवाज मांडीच्या हाडापर्यंत जायचा.

भावाला मी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्याने बेंजो मांडीवर घेतला, नखी फिरवली आणि थबकला.

"धाकल्या, मन्हा बेंजो आजारी पडना का रे?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पंचम, षड्ज, मेळ असे शब्द वापरले. मी तेव्हा घरातही पुस्तकी बोलू लागलो होतो. मग वाजवून दाखवलं. तो पेटीवर तळहात ठेवून ऐकत राहिला.

"इंजिनसारखा वाजस," तो म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी निघाली नसती.

"जुन्या तारा परत लावून देतो ना भाऊ."

"कसाले? तू शिकेल शे, तुले समजस. माले शिकाड."

त्याचा उजवा हात इतकी वर्षं नखी फिरवत आला होता. आता तो मध्येच उठायचा आणि रिकाम्या हवेत छेडून परत यायचा. "याले सांग रे कोनी, गप बठ म्हनीसन," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. चुलीपाशी बसलेली वहिनी कुरकुरायची, कारण आवाज घुमावा म्हणून मी दार लावून घ्यायला सांगत असे.

"दार लावानं म्हनतस, मंग चूलना धूर कथा जाई? तुमना पंचममां?"

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, गावात सप्ताह बसायचा. भावाची एक इच्छा होती. शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाआधी जे भजन होई, त्या बैठकीत बेंजो घेऊन बसायचं. दरवर्षी मंडप बांधायला, पंगतीला पाणी भरायला त्याला हाक येई. बैठकीला कधी आली नाही. पेटी वाजवणारे आबा बेंजोला पोरांचं खेळणं म्हणत. त्या वर्षी भावाने त्यांच्या ओट्यावर किती चकरा मारल्या कोण जाणे, पण आबा शेवटी हो म्हणाले. एकच भजन, आणि मंडळाला पटलं तर पुढे दर एकादशीला.

आदल्या दिवशी वहिनी पाण्याचा हंडा घेऊन आत आली आणि म्हणाली, "आज वाजाडं नही का?" भाऊ तर वाजवतच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अंगनमां जाईसन ऐक बरं."

मी अंगणात गेलो. त्याने दार उघडं ठेवून वाजवायला सुरुवात केली. शेजारच्या ओट्यावर कोणी जात्यावर दळत होतं. त्या घरघरीखाली मला भावाची बोटं बटणांवर पडल्याची टकटक ऐकू आली. सूर ऐकू आला नाही. मी कान देऊन उभा राहिलो, अजून थोडा पुढे आलो, तरी नाही. त्याच्या जुन्या बारीक तारा आत फळीवर कागदात गुंडाळलेल्या होत्या. त्या चढवायला संध्याकाळ पुरली असती.

मी आत आलो आणि म्हणालो, "येतं ऐकू."

का म्हणालो, याचं उत्तर मी नंतर पुष्कळ गोड करून पाहिलं. त्याचा उत्साह मोडू नये म्हणून, वगैरे. खरं इतकंच की तो सूर माझा होता आणि तो गावाने ऐकावा असं मला वाटत होतं.

काल्याच्या दिवशी मंडप भरला होता. भाऊ पांढरा सदरा घालून आबांच्या डाव्या बाजूला बसला. आबांनी बेंजोकडे पाहून विचारलं, "हाई काय लयना रे? कचेरीनं मशीन?"

"आबा, एक डाव ऐकी ल्या," भाऊ म्हणाला.

पेटी सुरू झाली, मृदंग सुरू झाला, आणि दोन्ही ओळींत उभे असलेले टाळकरी वाजवू लागले. भावाची बोटं चालू होती. मी खांबापाशी, त्याच्यापासून चार हातांवर बसलो होतो. मला काही ऐकू येत नव्हतं.

पहिलं कडवं संपेतो लोक एकमेकांकडे बघू लागले होते.

"अरे, वाजाड ना!" मागून कोणी ओरडलं. "नुसता बोटंच नाचाडी ऱ्हायना!"

"तार तुटनी व्हई."

"तार कसानी तुटस! त्याना भाऊनी करी देयेल शे. कॉलेजना बेंजो शे तो, मनमां वाजस!"

हशा पिकला. बायकांच्या बाजूलाही पिकला, आणि तिथे वहिनी होती. भावाने मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. त्याला स्वतःलाही काही ऐकू येत नसणार. येतंय का, असं त्याने डोळ्यांनीच विचारलं. तेव्हा नुसती मान हलवली असती तरी त्याने हात थांबवले असते, हसून वेळ मारून नेली असती. मी हात वर केला आणि खूण केली, येतंय.

त्याने मान खाली घातली आणि भजन संपेपर्यंत, एकही बटण न चुकवता, वाजवत राहिला.

एकादशीचं बोलावणं आलं नाही. आबा वाईट माणूस नव्हते, ते मला रस्त्यात म्हणाले, "तुन्हा भाऊले सांग, मनवर लेऊ नको." मी तो निरोपही दिला नाही. घरी कोणी विषय काढला नाही. वहिनीने एकदा भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा परातीत पाहू लागली.

कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी मी फळीवरून जुन्या तारा काढल्या. दार लावून भाऊ वाजवत बसला होता. तोपर्यंत त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला बसला होता.

"भाऊ, पहिल्यासारखा लावून देतो. पुढच्या वर्षी आबांना परत विचारता येईल."

"ऱ्हाऊ दे."

"लोकांना ऐकू आलं नाही ना भाऊ."

"लोकेसले ऐकाले ऊनं नही, त्यामां सुरना काय गुन्हा? गोड शे तुन्हा सूर." मग बटणांवर बोटं ठेवत म्हणाला, "आनि आते बोटं बठी गयात."

मी आग्रह करायला हवा होता. तारा माझ्या हातात होत्या, बेंजो पुढ्यात होता, आणि मी म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं, कारण मी म्हणेन ते तो ऐकतच असे. पण त्या क्षणी मला बरं वाटलं. माझा सूर राहिला, आणि तोही त्याच्या मर्जीने राहिला. मी तारा फळीवर ठेवल्या आणि सकाळच्या मोटारीसाठी पिशवी भरायला घेतली. भाऊ पुन्हा वाजवू लागला.