आमच्या वन्सं विधानसभेला उभ्या राहिल्या

आमच्या वन्सं ज्या गोष्टीला भीत नाहीत अशी एकही गोष्ट भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत अजून निर्माण झालेली नाही. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. नणंदेला नव्या सुनेनं घाबरायचं असतं असं मी माहेराहून ऐकून आले होते. इथे पहिल्याच दिवशी मी गॅसवर कुकर चढवला आणि वन्सं लगबगीनं परसात जाऊन कढीपत्त्याच्या झाडाआड उभ्या राहिल्या. तीन शिट्ट्या झाल्यावर त्यांनी तिथूनच हाक मारली, "शोभा, केलास का गं बंद?" पालीला, विजेला आणि मोकाट कुत्र्यांना कोणीही भितं. वन्सं त्यांच्याखेरीज अनोळखी नंबरच्या फोनला, सरकत्या जिन्याला, लग्नातल्या फटाक्यांना आणि फार गोड बोलणाऱ्या माणसांना भितात. एसटीत त्या ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसतात आणि प्रत्येक वळणाला "दादा, सावकाश" म्हणतात. पावसाळा लागला की कागदपत्रं, मेणबत्त्या आणि चिवडा भरलेली एक पिशवी दाराशी तयार असते, कारण भाटघरचं धरण फुटलं तर ऐन वेळी धावपळ नको. धरण आपल्या खालच्या अंगाला आहे, फुटलं तरी पाणी वर भोरात चढणार नाही, हे यांनी एकदा कागदावर नकाशा काढून समजावलं. वन्संनी नकाशा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "पाण्याला कुठे माहितेय हे?"

अशी बाई पोटापाण्यासाठी काय करत असेल? त्या नर्स होत्या. वेल्ह्याच्या वर डोंगरात एका उपकेंद्रात त्यांनी बावीस वर्षं काढली. त्यांचे यजमान वारले तेव्हा मुलगी अक्षता तिसरीत होती. तिला आमच्याकडे भोरला ठेवून त्या आठवडाभर वर राहायच्या आणि शनिवारी खाली यायच्या. बाळंतपणाचं बोलावणं आलं की त्यांचे हात कापायला लागायचे. वाटेत त्या पिशवी तीनदा उघडून बघायच्या: कात्री आहे ना, हातमोजे आहेत ना, इंजेक्शनं मोजून आहेत ना. बाळंतपण पार पडलं की पुन्हा हात कापायचे, इतके की चहाची कपबशी दुसऱ्या कोणीतरी धरावी लागे. मधल्या वेळात मात्र ते हात कसे चालायचे हे मी एकदा स्वतः पाहिलंय, कारण माझा थोरला त्याच हातांवर जन्मला. मला कळा येत होत्या आणि वन्सं स्वच्छ, शांत आवाजात सांगत होत्या, "आता नाही. आता थांब. हां, आता." पोर रडलं, तशा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पोरापेक्षा मोठ्यानं रडल्या.

पावसाळ्याचे चार महिने घाटाच्या पायथ्याशी एक रुग्णवाहिका उभी असावी, एवढं एकच मागणं त्या वर्षानुवर्षं अर्जातून मांडत आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, त्याआधीच्या शेवटच्या पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि एका अवघडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणताना तिचं बाळंतपण वन्संना वाटेवरच्या एका गोठ्यात करावं लागलं. बाई वाचली, बाळही वाचलं. पण वन्सं तीन दिवस धड जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी अर्जांची फाइल घेऊन त्या एका पुढाऱ्याकडे गेल्या. तीन तास बसवून ठेवल्यावर त्यानं फाइल चाळली आणि आजूबाजूच्यांकडे बघून हसत म्हणाला, "सिस्टर, एवढी काळजी आहे तर तुम्हीच उभ्या राहा की विधानसभेला!"

वन्संनी घरी येऊन चपला काढल्या आणि मला म्हणाल्या, "शोभा, ते म्हणाले उभी राहा."

"अहो, चेष्टेनं म्हणाले असतील."

"चेष्टेनं कसे म्हणतील? मी कामासाठी गेले होते."

जन्मभर वरिष्ठांचा तोंडी आदेश पाळलेली बाई होती ती. त्यात काही चुकेल आणि आपल्याला जाब विचारला जाईल, या भीतीनंच त्या निवृत्त होताच अपक्ष म्हणून अर्ज भरायच्या तयारीला लागल्या. अर्जावर दहा सूचक लागतात. नऊ जणी त्यांनी बाळंत केलेल्या होत्या, दहावी मी. म्हणजे खरं तर दहाही. वन्संनी सगळ्या सह्या चष्मा पुसून दोनदोनदा तपासल्या.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी पांढऱ्या गाडीतून दोन माणसं घरी आली. हे शाळेत शिकवायला गेलेले, अक्षता कॉलेजात. घरात आम्ही दोघीच. माणसं अगदी अदबीनं बोलत होती. चहा घेतला, साखर बरोबर आहे म्हणाले. मग त्यातला जाडसर होता तो म्हणाला, "ताई, तुमची मुलगी रोज नसरापूरला कॉलेजला जाते न्हवं? लाल स्कूटीवर. सव्वानऊला निघते. जपा बरं. हायवे लई वाईट हाय."

वन्सं पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांची नजर जमिनीवर खिळली होती आणि आता या चक्कर येऊन पडणार असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या पायांवर सूज आहे. कधीपासून?"

तो माणूस गोंधळला. "हाय की. म्हैनाभर झाला आसंल."

"जिना चढताना दम लागतो?"

"लागतो थोडा."

वन्संनी कपाटातून रक्तदाबाचं यंत्र काढलं. हात इतके कापत होते की पट्टा दोनदा चुकीचा गुंडाळला गेला. तिसऱ्यांदा बसला. आकडा बघून त्यांनी पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या हाताला मोजलं, आणि म्हणाल्या, "हे फार वाढलंय. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. आणि गाडी तुम्ही चालवू नका, यांना चालवू दे. हायवे वाईट आहे."

त्यात टोमणा नव्हता. वन्संना टोमणा मारता येत नाही. माणूस घाम पुसत उठला, दुसऱ्यानं किल्ली घेतली आणि दोघं निघून गेले. वन्संनी दाराला वरची, खालची आणि मधली अशा तिन्ही कड्या लावल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. "उद्या अर्ज मागे घ्यायचा," एवढंच म्हणाल्या. पोलिसांत जाऊ या म्हटलं, तर त्यांना पोलिसांचीही भीती. संध्याकाळी अक्षता चिडली, "आई, माझ्यासाठी माघार नको घेऊस." वन्सं म्हणाल्या, "मग कोणासाठी घेऊ? मला दुसरं आहे कोण?" मी आतून देवाचे आभार मानत होते. खोटं कशाला सांगू, मलाही माघारच हवी होती.

दुसऱ्या दिवशी माघारीचा कागद पिशवीत घालून आम्ही तिघी दोन वाजता घराबाहेर पडलो. मुदत तीनपर्यंत. प्रांत ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर. आळीच्या टोकाला आलो आणि वन्सं थांबल्या. "कडी लावली का गं मी?" मी म्हटलं, लावली. तरी त्या परत गेल्या, ओढून बघितली आणि आल्या. चौकात पोचलो तर गॅसचं बटण आठवलं. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा आम्ही ऑफिसच्या फाटकाजवळ होतो. घड्याळात अडीच वाजून गेले होते. वन्संनी फाटकाकडे पाहिलं, अक्षताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मघाशी गॅस बघून बाहेर आले, तेव्हा कडी पुन्हा लावली का?" आणि वळल्या. मी मागून हाका मारत राहिले. गुडघ्यांवर हात ठेवत त्या परत आल्या तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. आतला कारकून म्हणाला, "बाई, वेळ संपली." वन्संनी कागदाची नीट घडी घालून तो पिशवीत ठेवला. त्या दिवशी त्यांना कडी लावल्याचं खरंच आठवत नव्हतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. उत्तराची मला भीती वाटते.

संध्याकाळी चिन्हं वाटली गेली. वन्संना मिळालं प्रेशर कुकर.

मग त्यांचा प्रचार सुरू झाला, पण तो प्रचारासाठी नव्हे. अक्षताला एकटी सोडायची नाही म्हणून वन्सं रोज सव्वानऊला तिच्या स्कूटीवर मागे बसायच्या, हेल्मेट घालून, डोळे गच्च मिटून, रामरक्षा पुटपुटत. पोरगी कॉलेजात शिरली की ती सुटेपर्यंत नसरापूरच्या स्टँडवर थांबायच्या. सहा तास नुसतं काय करायचं, म्हणून त्यांनी बसची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजायला सुरुवात केली. रिक्षावाले स्वतःहून ओरडायचे, "चला, कुकरवाल्या सिस्टर आल्या!" एक दिवस तो सुजल्या पायांचा माणूस एकटाच रांगेत येऊन उभा राहिला. मी त्याला लांबूनच ओळखलं. डबा द्यायला मी नेमकी तिथे होते. त्यानं मुकाट्यानं दंड पुढे केला. वन्संनी कापऱ्या हातांनी मोजलं, म्हणाल्या, "उतरलंय. गोळी बंद करू नका." तो मान डोलावून गेला. वन्सं पुढचा तासभर अक्षताच्या कॉलेजच्या गेटपाशी उभ्या होत्या.

वेल्ह्याच्या बाजारात त्यांची एकुलती एक सभा झाली. माईक हातात आल्यावर त्यांच्या तोंडून लसीकरणातली सवयीची वाक्यं निघाली: "सगळ्यांनी बसून घ्या. बाळाला घट्ट धरा." लोक हसले. वन्सं घाबरल्या. मग म्हणाल्या, "मला लई भीती वाटते. पाऊस सुरू झाला की वाटते. वरच्या वाडीतल्या कुणाचे दिवस भरत आले की वाटते. खाली गाडी उभी असली तर थोडी कमी वाटेल. एवढंच." आणि माईक खाली ठेवला. भाजी विकत बसलेली एक बाई माझ्या शेजारी होती. तिची दोन्ही पोरं वन्संच्या हातची. ती म्हणाली, "सिस्टर भ्यायच्या ना, तवा आमाला धीर यायचा. वाटायचं, आपल्यापायी बी कुनीतरी भिनारं हाय."

वन्सं पडल्या. सपाटून पडल्या. निकाल ऐकून त्यांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की शेजारणीला वाटलं निवडून आल्या. पुढच्या पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी एक रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. कुणी पाठवली ते कुणी सांगितलं नाही. एक पावसाळाभर होती, मग गेली. वन्संनी नवा अर्ज लिहायला घेतला.

अक्षताला पुण्यात नोकरी लागली आणि वन्सं तिच्याकडे राहायला गेल्या. घर सातव्या मजल्यावर आहे. लिफ्टची भीती वाटते म्हणून गुडघे धरत जिना चढतात. त्या गेल्यावर मला हळूहळू कळायला लागलं की आमच्या घरातली सगळ्यांची भीती इतकी वर्षं त्या एकट्याच वाहत होत्या. आता ज्याची त्याला वाहावी लागते, आणि ती किती जड असते याचा आम्हाला अंदाजच नव्हता.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी वेल्ह्याकडे धो धो पाऊस होता. यांची बदली आता तिकडच्या शाळेत झाली आहे. गाडी आली नव्हती, फोन लागत नव्हता. मी चार वेळा दारात जाऊन आले आणि शेवटी वन्संना फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्यांनी भावाचं विचारलं, "सुरेश आला नाही ना अजून? इथल्या बातम्यांत पाऊस दाखवतायत." मी पुन्हा दाराकडे पाहिलं.

"हे बघ शोभा," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, शांत होता. "तू कणीक मळायला घे. तो येईल तेव्हा भुकेला असेल. भ्यायचं मी बघते इथून."

मी फोन बंद केला नाही. तसाच ओट्यावर ठेवला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी परात पुढे ओढली.