भिंतीवरच्या पुराच्या रेघा

काल कर्वेनगरच्या घरी कपाट आवरताना एक जुनं माहितीपत्रक हाती लागलं. त्याच्या ओलसर कागदाचा वास आला आणि मी थेट नारायण पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात पोचलो.

कंपनी मला पहिल्यांदाच परदेशी पाठवत होती, जर्मनीत, नेकार नदीकाठच्या एका लहानशा गावी. आई मटार सोलत होती आणि मी तिला पत्रक मराठीत सांगत होतो. नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते, दगडी पूल आहे, पूर्वी इथून मिठाच्या होड्या जायच्या, आणि चर्चच्या भिंतीवर प्रत्येक महापुराची रेघ कोरलेली आहे.

आईचे हात थांबले. पानशेतच्या पुरात तिचं माहेर वाहून गेलं होतं, आणि तिचे वडीलही.

"तुझी खोली कितव्या मजल्यावर?"

"अगं, तिथे पानशेत नाहीये."

"मी मजला विचारला."

"तिसऱ्या," मी ठोकून दिलं. खोली तळमजल्यावर होती. मला जायची इतकी घाई झाली होती की तिची भीती ऐकून घ्यायलाही सवड नव्हती. आज ते फार बोचतं.

तिथे पोचल्यावर त्या भिंतीपाशी गेलो. सगळ्यांत वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. खिडकीबाहेर नदी शांत वाहायची, तरी आठवडाभर मला धड झोप लागेना. शेवटी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये घरमालकिणीकडे वरची खोली मागितली, सामान हलवलं आणि पुण्याला फोन लावला.

"आई, माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे."

"हं," ती म्हणाली, "आज खरं बोललास."