ताईच्या डोळ्यांची उंची

"तुमची बच्ची गेली…" हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस असं म्हणाला. बच्ची! माझी ताई चाळिशीला टेकली होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. रडू यायच्या आधी मला किळस आली, आणि दीड महिना होत आला तरी ती किळस गेलेली नाही.

ताईला जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्या रक्तातलं लोह अंगात साठत जायचं. त्यानं आधी तिची वाढ थांबवली, मग डायबेटिस दिला, शेवटी हृदय बंद पाडलं. उंची दहा-अकरा वर्षांच्या मुलीएवढीच राहिली आणि आमच्या दिवेआगरनं तिचं वयही तेवढंच ठरवून टाकलं. नवरात्रात बायका तिला कुमारिका म्हणून पाटावर बसवायला बोलवायच्या. तिशी उलटलेल्या बाईला! ताई उंबऱ्यातूनच सांगायची, "आधी ताई म्हणा, मग येते."

डोळे तपासायला मी तिला मांडव्याहून बोटीनं मुंबईला न्यायची. एकदा तपासता तपासता डॉक्टर थांबलेच. "इतक्या वर्षांचा डायबेटिस, तरी डोळ्यांचा पडदा स्वच्छ! यांच्या शरीरात वाढीचं हार्मोन कमी आहे. कदाचित त्यामुळेच डोळे वाचले असतील."

ताई खुदकन हसली… "म्हंजे उंची देऊन डोळं घेतलं. काय वाईट न्हाय!" परतताना बोटीवरून ती मला लांबच्या होड्यांवरची नावं वाचून दाखवत होती. चष्मा मला लागला होता.

तेराव्याला काकू फोटो मोठा करून घेऊन आली. ताई शाळेत असतानाचा, फ्रॉक आणि दोन रिबिनी. "ह्योच लाव. पोर कशी गोड दिसते." वर म्हणाली, "तवाच उंचीची इंजेक्शनं दिली असती तर लगीन तरी झालं असतं." भोवतीच्या बायका तोंडात वडा धरून माना हलवत होत्या. तो फोटो मी काकूसमोर पालथा घातला.

मग ताईचा जांभळ्या साडीतला फोटो काढला, समोर रोखून बघणारा. माजघरातल्या भिंतीवर, ती उभी राहिली की तिचे डोळे जिथे यायचे, बरोबर तिथे खिळा ठोकला.

"येवढ्या खाली कुणी फोटो लावतं व्हय?"

"ताई इथूनच बघायची. तुला बघायचं तर वाकावं लागंल."

काकू गुडघ्यांवर हात टेकून वाकली, चष्मा सावरला, डोळे बारीक केले. "मेलं काय नीट दिसत न्हाय गो…"

ताईला मात्र ती स्वच्छ दिसत असणार.