घरात माणसं किती?

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला कपडे वाळत घालत होते. उरलेले कपडेही वाळत टाकले, मग बसले. पन्नाशीही गाठली नाही तिने... दीड महिना झाला, माझ्या अंगातला शीण काही जात नाही.

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीतून बारावी आर्ट्सला आम्ही दोघीच. मानवी भूगोलाच्या बाईंनी लोकसंख्येचा धडा संपवला आणि प्रात्यक्षिकासाठी घरोघर धाडलं. ‘घरात माणसं किती?’ विचारलं की म्हातारी सात-आठ सांगायची, चुलीपाशी मात्र ती एकटीच. मुंबईचा मुलगा, सून, नातवंडं, सगळी धरून. आम्हालाही त्यात वावगं वाटलं नाही, तसंच लिहिलं. बाईंनी वह्या परत केल्या. “सहा महिन्यांत जो इथे राहिला नाही, त्याला खोडा.”

कातळावर बसून आम्ही निम्मी वाडी खोडली. माझ्या दादालाही मी खोडलं. मग वनिताचं घर आलं. माणसं तीन. तिचे वडील मुंबईला गेले ते सहा वर्षांत गणपतीलाही फिरकले नव्हते. तिने पेन मिटलं. “आयनं वही बघितली तर जेवायची नाय गो.” बाईंनी तिचे गुण कापले. मला पैकीच्या पैकी मिळाले, आणि खरं सांगते, मी तिला वेडी म्हटलं.

मी लग्न होऊन ठाण्याला आले. ती आईपाशीच राहिली. आलेली स्थळं ‘बाबा आल्यावर बघू’ म्हणून परतवायची. मला तिचा राग यायचा.

गेल्या आठवड्यात काकींना, म्हणजे तिच्या आईला, भेटायला गेले. ओटीवर आरोग्य खात्याची बाई फॉर्म भरत होती. माणसं किती?

“येक,” काकी म्हणाल्या.

ती गेल्यावर मी विचारलं, “आणि काका?”

“तो येनार नाय, ता मला कवाच समाजला व्हता. वनीला बरा वाटायचा, म्हनून मी त्याला धरून सांगायची...”

वनीने तर काकांना आईसाठी वहीत ठेवलं होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं. काकी तांदूळ काढत होत्या. मापटं भरलं, थबकल्या, निम्मे परत डब्यात ओतले. मी तांदूळ निवडायला सूप पुढे ओढलं.