होड्यांसाठीची प्रार्थना

दुष्काळाच्या वर्षी मी इंग्रजी शाळेचं बोर्डिंग सोडून हिंगोलीला घरी आले होते. बाबा इथल्या लहानशा चर्चचे पाळक. पण मूळचे कोकणकिनाऱ्याचे. तिकडे खाडीच्या तोंडावर आमचं जुनं चर्च आहे, जांभ्या दगडाचं. त्याची समुद्राकडची भिंत दरवर्षी चुन्यानं पांढरी करतात, परतणाऱ्या होड्यांना लांबून दिसावी म्हणून. पहिले उपदेशक तिथे गलबतातून आले, असं बाबा सांगत. रस्ते नव्हतेच. भरती बघून उपासना आटोपायची आणि पुढच्या गावाला निघायचं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या की तिथे दर रविवारी शेवटी एक प्रार्थना होते: आभाळ मोकळं ठेव, ढग पांगव, वारा आवर. आजोबाही पाळक होते. एका रविवारी अंगात ताप असताना त्यांच्याकडून ती राहून गेली, आणि त्याच आठवड्यात एक होडी परत आली नाही. त्यांना कोणी दोष दिला नाही. तो त्यांनी स्वतःच अंगावर घेतला. बाबांचा धाकटा भाऊ अजून त्याच खाडीतून समुद्रावर जात होता.

हिंगोलीत आमच्या मंडळीतल्या कोणी समुद्र पाहिला नव्हता. तरी बाबा इथेही ही प्रार्थना म्हणत, लोक मुकाट आमेन म्हणत. त्या वर्षी मात्र ज्वारी करपून चालली होती. एका रविवारी कळमनुरीच्या बाजूनं ढग भरून आले. बायकांचं सगळं लक्ष दाराबाहेर. बाबांनी पाऊस मागितला आणि मग डोळे मिटूनच, सवयीनं, पुढचंही म्हणून गेले: आभाळ मोकळं ठेव, ढग पांगव.

कोणी आमेन म्हटलं नाही. दुपारपर्यंत ढग विरले.

संध्याकाळी मंडळीतली, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी एक म्हातारी शेजारणीला घेऊन घरी आली.

"काहून पाळकसाहेब, आमचा पाऊस हाकलून राहिले का तुमी?"

"मावशी, तिकडे माझा भाऊ पाण्यावर आहे."

"तिकडं पाणीच पाणी, अन् हितं घोटभर न्हाई. तुमच्या देवाला ढग पांगवायला आमचंच गाव बराबर सापडतं व्हय?"

शेजारीण फिसकन हसली. म्हातारी हसली नाही. "पुन्हा ते म्हटलं तर आमी येनार न्हाई."

वारे कसे वाहतात हे मी शाळेत शिकले होते. त्या आठवड्यात ते ना तिला सांगता आलं, ना बाबांना.

पुढच्या रविवारी बाबांनी पाऊस मागितला आणि ते थांबले. मी पेटीवर बसले होते, तिथून त्यांचा चेहरा दिसायचा. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते. मी समोर पाहिलं. म्हातारीनं डोळे मिटलेच नव्हते.

"चोरून म्हणून राहिले," ती शेजारणीला म्हणाली आणि पदर सावरून उठली. तिच्यामागून बायका उठल्या, मग पुरुष. सतरंजीवर झोपलेलं एक लेकरू राहिलं होतं, त्याला उचलायला त्याची आई तेवढी परत आली.

बाबांनी कोणाला अडवलं नाही. सगळे गेल्यावर त्यांनी ती प्रार्थना पहिल्या शब्दापासून मोठ्यानं म्हटली आणि माझ्या आमेनची वाट बघत उभे राहिले. दारातून पांढरं ऊन आत आलं होतं. मी पेटीचा भाता मिटला आणि कडी लावली.